ॲक्सेप्ट, ॲक्सेप्ट, ॲक्सेप्ट

मुलांचं लिखाण वाचणं हे माझं काम आहे. इंग्रजीतले निबंध, लॅब रिपोर्ट, प्रोजेक्टचे ड्राफ्ट, आणि अधूनमधून अर्जाला जोडायचं ते 'मी कोण, मला काय व्हायचंय' छापाचं एक पान. पूर्वी ड्राफ्ट उघडला की पहिल्या परिच्छेदातच ठेचा लागायच्या, ए-ॲन-द चा गोंधळ, एकवचनी कर्त्याला अनेकवचनी क्रियापद, स्पेलिंगची तर बातच नको. आता पान चकाचक येतं. वाचताना कुठेच अडत नाही आणि वाचून संपल्यावर लक्षात येतं की या पोराला नक्की म्हणायचं काय होतं ते काही कळलेलं नाहीये. मी म्हणते, परत लिही. तो म्हणतो, मॅडम, व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्कोअर ९७ आलाय, अजून काय सुधारू?

प्रश्न रास्त आहे. मशीन सांगतंय ९७, बाई सांगतायत परत लिही, पोराने ऐकायचं कोणाचं? आणि आता बाई 'आमच्या वेळी असं नव्हतं' सुरू करणार असं ज्यांना वाटतंय त्यांनी निश्चिंत राहा, मी स्वतः हे टूल वापरते, घाईत लिहिलेली ईमेल पाठवायच्या आधी तर हमखास. टायपिंगच्या चुका पकडायला ते माझ्या डोळ्यांपेक्षा तेज आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. हे टूल नीट वापरायचं तर त्याला 'नाही' म्हणता यायला लागतं, आणि शिकणाऱ्या मुलाकडे नेमकी तीच गोष्ट अजून आलेली नसते. ज्याला टूलची गरज सगळ्यात जास्त, त्यालाच त्याचं म्हणणं पारखता येत नाही. ज्याला पारखता येतं त्याची गरज आधीच कमी झालेली असते. हा पेच टूल आणखी हुशार झालं म्हणून सुटेल असं मला वाटत नाही.

एक प्रसंग सांगते. एक मुलगी शेजारी बसून तिचा रिपोर्ट शेवटचा हात फिरवून घेत होती. विषय नदीच्या पाण्यातलं नायट्रेट. पावसाच्या आधी आणि नंतर एकाच ठिकाणचे पाण्याचे नमुने घेतलेले, नंतरच्या नमुन्यात नायट्रेट वाढलेलं. तिने लिहिलं होतं की शेतातलं खत वाहून आल्यामुळे हे झालं असण्याची शक्यता आहे, इंग्रजीत 'मे हॅव कॉज्ड'. त्याखाली रेघ आली. टूलचं म्हणणं, हे वाक्य डळमळीत वाटतंय, आत्मविश्वासाने लिहा, 'मे हॅव' काढून टाका. तिने 'ॲक्सेप्ट'वर क्लिक केलं. एका सेकंदात. आता वाक्य झालं, खतामुळे नायट्रेट वाढलं. छोटं, ठाम, सुटसुटीत, आणि चूक! कारण नदीच्या वरच्या अंगाला तिने नमुनाच घेतला नव्हता, खताऐवजी सांडपाण्यामुळेही ते वाढलेलं असू शकलं असतं, म्हणजे तिच्याकडे जेवढा पुरावा होता तेवढ्यावर 'असण्याची शक्यता आहे' एवढंच म्हणता येत होतं. अख्ख्या रिपोर्टातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तिने लिहिलं होतं आणि तेच गेलं.

मी विचारलं, का काढलंस गं ते?

"त्याने सांगितलं ना."

'त्याने'. मुलं सॉफ्टवेअरला सरळ 'तो' म्हणतात हे मी बऱ्याचदा ऐकलंय. तो म्हणाला, त्याला आवडलं नाही, त्याने लाल केलं. एखाद्या कडक सरांबद्दल बोलावं तसं. पण कडक सरांना निदान विचारता तरी येतं की सर का? इथे विचारलं तर दोन ओळींचं छापील उत्तर येतं, ते वाक्य खतावर असो नाहीतर प्रेमभंगावर, उत्तर तेच. टूलला वाक्य दिसतं, वाक्यामागचा नमुना कुठून घेतला ते दिसत नाही. 'मे' हा शब्द भित्रेपणाने आलाय की विचार करून आलाय हे कळायला ती नदी माहीत असायला लागते.

मुळात ही टूल्स अशी मानगुटीवर बसणारी नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत लोरिंडा चेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर 'स्टाइल' आणि 'डिक्शन' असे दोन प्रोग्रॅम केले, पुढे त्यातूनच 'रायटर्स वर्कबेंच' नावाचा संच उभा राहिला. तुम्ही लिहायचं, लिहून संपलं की प्रोग्रॅम चालवायचा, मग तो सांगणार की बाबा तुमचं वाक्य सरासरी इतक्या शब्दांचं आहे, कर्मणी प्रयोग इतके आहेत, हे हे शब्द पाल्हाळ वाटतायत, बघा काय ते. १९८१ साली पर्सनल कॉम्प्युटरसाठी 'ग्रॅमॅटिक' आलं, त्याचा कारभार तर जवळपास यादी घेऊन बसल्यासारखा, घासून गुळगुळीत झालेल्या आणि चुकीच्या शब्दप्रयोगांची यादी, त्यातलं काही सापडलं की बोट दाखवायचं. या प्रोग्रॅम्सना वाक्य कळत नव्हतं. ते तसा आवही आणत नव्हते आणि वापरणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. मग वर्ड ९५ मध्ये टाइप करता करताच स्पेलिंगखाली लाल नागमोडी रेघ यायला लागली आणि वर्ड ९७ मध्ये व्याकरणासाठी हिरवी. माझ्या मते खरा फरक तिथे पडला. तपासणं हे लिहून झाल्यानंतरचं काम होतं, ते लिहिण्याच्या आत घुसलं.

याचा मुलांवर काय परिणाम होतो ते त्यांच्या मागे उभं राहून बघितलं तरच कळतं. पहिला ड्राफ्ट म्हणजे चाचपडणं असतं, आपल्याला काय म्हणायचंय ते लिहिता लिहिताच सापडतं, त्यामुळे त्यातली निम्मी वाक्यं पुढे जाऊन उडायचीच असतात. पण इथे वाक्य अजून पुरतं जन्मालाही आलेलं नसतं आणि खाली रेघ हजर. पोरगं थांबतं, मागे जातं, रेघ घालवतं, मग पुढे काय लिहिणार होतो ते विसरतं. आपण बोलत असताना कोणी पाठीमागे उभं राहून दर तिसऱ्या शब्दाला टोकायला लागलं तर आपण काय करू? आखडू, आणि जे हमखास बरोबर येतं तेवढंच बोलू. मुलंही तेच करतात, छोटी छोटी बिनधोक वाक्यं लिहायला लागतात. आणि दुसरं असं की जे वाक्य उडवायचं होतं ते एकदा बसून पॉलिश केलं की उडवायला हात धजत नाही. चांगलं झालंय ना आता, रेघही गेलीय!

पूर्वीच्या टूल्सची फजिती करणं सोपं होतं. २००५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्केटिंगचे प्राध्यापक संदीप कृष्णमूर्ती यांनी मुद्दाम भयानक इंग्रजीत परिच्छेद लिहून वर्डला खायला घातले, त्यातलं पहिलं वाक्य 'मार्केटिंग आर बॅड फॉर ब्रँड बिग अँड स्मॉल' असं, आणि वर्डने ते निमूटपणे पास केलं. त्याच्या उलटचा किस्सा एमआयटीतल्या लेस पेरेलमन यांचा. निबंध तपासणारी मशीन्स किती बावळट असतात हे दाखवण्यात या गृहस्थांनी बरीच वर्षं घातली आहेत. त्यांनी नोम चॉम्स्कीच्या १९६७ मधल्या गाजलेल्या निबंधातला मोठा भाग ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या ई-रेटर प्रोग्रॅमला दिला तर त्याने डझनावारी चुका काढल्या. आता चॉम्स्की म्हणजे आधुनिक भाषाशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव, त्यांना आर्टिकल कुठे लावायचं हे समजत नाही असं मशीनचं मत! हे किस्से मुलांना सांगितले की ती खूप हसतात. हसून झालं की परत जाऊन ॲक्सेप्ट दाबतात.

आजची टूल्स वेगळी आहेत हे मान्य करायला हवं. मधल्या काळात नियमांच्या याद्या मागे पडून आकडेवारीवर चालणारी पद्धत आली, मग ढीगभर मजकुरावरून स्वतःच शिकणारं न्यूरल नेटवर्क आलं, आता तर एका बटणावर अख्खा परिच्छेद नव्याने लिहून मिळतो. कृष्णमूर्तींचं वाक्य आज कुठलंही टूल पकडेल. पण ती टूल्स कशी मोजली जातात त्यात एक गंमत आहे जी मुलांना कोणी सांगत नाही. २०१४ मध्ये सीओएनएलएल नावाच्या, कॉम्प्युटरला भाषा शिकवण्यावरच्या परिषदेने व्याकरण सुधारणाऱ्या प्रोग्रॅम्सची स्पर्धा ठेवली होती, मजकूर होता विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या इंग्रजी निबंधांचा. मोजमाप असं ठरवलं की प्रोग्रॅमने जी दुरुस्ती सुचवली ती बरोबर असणं याला दुप्पट वजन, आणि असलेल्या सगळ्या चुका सापडणं याला त्याच्या निम्मं. पुढेही या क्षेत्रात तीच पद्धत रुळली. कारण साधं आहे, टूलने बरोबर वाक्याला चूक म्हटलं की माणूस चिडतो, पण टूलकडून चूक सुटली तर बहुतेक वेळा त्याला पत्ताच लागत नाही. म्हणजे जिथे खात्री नाही तिथे गप्प बसायचं हे टूलला शिकवलेलं असतं. आणि मुलगा त्या गप्प बसण्याचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असा घेतो. रेघ नाही म्हणजे चूक नाही. खरंतर रेघ नाही म्हणजे फक्त रेघ नाही.

पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, क्रिस्टोफर ब्रायंट आणि ह्वी टौ एन्ग या संशोधकांनी त्यातलेच निबंध दहा जणांकडून स्वतंत्रपणे दुरुस्त करून घेतले. दहा जणांच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या! एकाच वाक्याला पाच-सहा प्रकारे सरळ करता येतं हे कोणीही शिक्षक सांगेल, पण स्क्रीनवर मात्र त्या पाच-सहातली एकच येते आणि तीही उत्तर असल्यासारखी.

रेघेवर माणूस किती विसंबतो याचा एक जुना प्रयोग आहे आणि तो मला अजूनही अस्वस्थ करतो. २००३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या डेनिस गॅलेटा यांनी ३३ विद्यार्थ्यांना एका पानाचं व्यावसायिक पत्र तपासायला दिलं, निम्म्यांना वर्डच्या लाल-हिरव्या रेघा चालू ठेवून, निम्म्यांना बंद ठेवून. ज्यांचे भाषेच्या परीक्षेतले मार्क चांगले होते त्यांच्याकडून रेघा नसताना सरासरी ५ चुका राहिल्या, कच्च्यांकडून १२.३. रेघा चालू असताना हुशार मुलांच्या चुका झाल्या १६ आणि कच्च्यांच्या १७. म्हणजे रेघांनी कच्च्यांना वर आणलं नाही, हुशारांना खाली ओढून त्यांच्या पंगतीला बसवलं. जिथे रेघ नव्हती तिथे त्यांनी बघितलंच नाही आणि जिथे चुकीची रेघ होती तिथे चांगलं वाक्य बिघडवलं. प्रयोग लहान होता, टूल जुनं होतं, सगळं खरं. पण ॲक्सेप्टवर धावणारं बोट काही जुनं झालेलं नाही.

शब्द बदलून देण्याची सोय तर मला सगळ्यात जास्त त्रास देते, तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलते. टूलला एक शब्द परत परत आलेला खपत नाही. निबंधात ते ठीक आहे, पण सायन्सच्या रिपोर्टात शब्द परत परत यायलाच हवा, कारण तिथे तो शब्द ठरलेल्या अर्थाचा असतो. 'सिग्निफिकंट' म्हणजे स्टॅटिस्टिक्समध्ये 'महत्त्वाचा' असा अर्थ नाही, निव्वळ योगायोगाने एवढा फरक येणं अवघड आहे एवढाच अर्थ आहे. टूलने तो तिसऱ्यांदा बघितला की 'सबस्टॅन्शियल' सुचवलं, मुलाने घेतलं, झालं, छोटासा फरक एकदम भलामोठा झाला. 'कोरिलेशन'चं 'कनेक्शन' होतं. 'रँडम'चं 'आर्बिट्ररी' होतं, म्हणजे सगळ्यांना निवडलं जायची सारखी संधी देऊन घेतलेल्या नमुन्याचं मनाला येईल तसा उचललेला नमुना झालं! आणि मुलाला यातलं काही कळत नाही कारण वाचायला ते जास्त भारी वाटतं.

अवतरणाचंही तसंच. मुलाने कोणाचं तरी वाक्य अवतरण चिन्हांत जसंच्या तसं घेतलेलं असतं, त्यात जुन्या वळणाचं इंग्रजी असतं, टूल त्याखालीही रेघ मारतं आणि मुलगा लेखकाचं वाक्य सुधारून देतो. मेलेल्या माणसाचं व्याकरण दुरुस्त करून त्याच्याच नावावर छापायचं, याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा. कर्मणी प्रयोगाबद्दल फार बोलत नाही, 'द्रावण गरम केलं गेलं' या वाक्यात गरम कोणी केलं हे कोणालाही जाणून घ्यायचं नसतं, एवढं टूलला कळलं तरी माझा बराच वेळ वाचेल.

मग चुका कमी झाल्या का? याचं उत्तर मोजून ठेवलेलं आहे. अमेरिकेत अँड्रिया लन्सफर्ड आणि रॉबर्ट कॉनर्स यांनी १९८० च्या दशकात कॉलेजच्या मुलांचे ३००० पेपर बघून चुका मोजल्या होत्या, नंतर लन्सफर्ड यांनीच कॅरन लन्सफर्ड यांच्यासोबत २००६ मध्ये लिहिलेले ८७७ पेपर बघितले आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी जुने आकडेही शेजारी ठेवले. दर १०० शब्दांमागे चुका १९१७ मध्ये २.११, १९३० मध्ये २.२४, १९८६ मध्ये २.२६ आणि २००६ मध्ये २.४५. म्हणजे टाइपरायटर आला गेला, कॉम्प्युटर आला, स्पेलचेक आलं आणि आकडा जवळजवळ तिथल्या तिथे. हां, एक गोष्ट बदलली, सरासरी पेपर १६२ शब्दांवरून १०३८ शब्दांवर गेला, म्हणजे मुलं कितीतरी जास्त लिहायला लागली आणि तरी चुकांचं प्रमाण फारसं वाढलं नाही, हे त्यांच्या बाजूने बोलायलाच हवं, 'हल्लीच्या पोरांना लिहिता येत नाही' म्हणणाऱ्यांनी तर खास नोंद घ्यावी. बदलली ती चुकांची जात. १९८६ मध्ये स्पेलिंगच्या चुका बाकी कुठल्याही चुकीच्या तिप्पट होत्या, २००६ मध्ये स्पेलिंग पाचव्या नंबरवर आलं आणि पहिल्या नंबरवर काय, तर चुकीचा शब्द. 'डेफिनेटली' लिहायचं असतं, स्पेलिंग चुकतं, स्पेलचेक 'डिफायंटली' पुढे करतं, मुलगा घेतो आणि वाक्याचा अर्थ 'नक्कीच'चा 'उद्धटपणे' होतो. आपल्याकडे 'शिर' आणि 'शीर' तसंच, दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे मशीनची तक्रार नाही, मग डोक्याऐवजी नस कापली जाते.

म्हणजे एक चूक दुरुस्त झाली नाही, तिने वेष बदलला. आणि वेष बदललेली चूक वाचणाऱ्याला जास्त महागात पडते. स्पेलिंग चुकलेलं असताना मला निदान कळायचं की याला कुठला शब्द हवा होता.

इथे मला अमेरिकेत लेखन शिकवणाऱ्या मिना शॉनेसी बाईंची आठवण येते. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने प्रवेश सगळ्यांना खुला केला आणि ज्यांनी कधी लांबलचक असं काही लिहिलंच नव्हतं अशी हजारो मुलं वर्गात आली. बाकीचे प्राध्यापक डोक्याला हात लावून बसले असताना या बाई त्या मुलांचे चारेक हजार पेपर घेऊन बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की या चुका वाट्टेल तशा पडलेल्या नाहीत, प्रत्येक मुलाच्या चुकांना त्याचं त्याचं लॉजिक आहे, त्याने कुठला तरी नियम अर्धवट ऐकलाय आणि तो तो इमानदारीने पाळतोय. मला वाटतं शिक्षकाचं काम म्हणजे हेच. एका मुलाच्या लिखाणात प्रत्येक लांब वाक्यात क्रियापद चुकत होतं, छोट्यात कधीच नाही. बघितलं तर तो कर्त्याकडे न बघता क्रियापदाच्या लगेच आधी जो शब्द येतो त्याच्याशी क्रियापद जुळवत होता. एकदा सांगितलं, चार वाक्यं करून घेतली, विषय संपला. टूलने ती प्रत्येक चूक पकडली असती, प्रत्येक वेळी सुटीसुटी दुरुस्त केली असती, आणि पुढच्या रिपोर्टात त्याने ती पुन्हा केली असती, टूल पुन्हा दुरुस्त करणार आहेच की!

अर्थात शिक्षकांच्या लाल पेनाचीही फार आरती ओवाळायला नको. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये सरळ लिहून टाकलं की परकी भाषा शिकणाऱ्यांच्या लिखाणातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देण्याचा उपयोग होत नाही, उलट तोटाच होतो, त्यावरून जो वाद पेटला तो अजून पुरता विझलेला नाही. आणि जोसेफ विल्यम्स यांनी तर १९८१ मध्ये कमालच केली, वाचणाऱ्याला चुका कधी दिसतात आणि कधी दिसत नाहीत यावर एक लेख लिहिला, त्या लेखात स्वतःच मुद्दाम शंभरेक चुका पेरल्या आणि शेवटी सांगितलं. लेखनाचे प्राध्यापक वाचणारे, तरी बहुतेकांना त्या दिसल्या नव्हत्या, कारण ते लेख वाचत होते, पेपर तपासत नव्हते. मुलाचा कागद हातात घेतला की आपण तपासणारे होतो. टूल तर जन्मापासून तेवढंच आहे.

आता दुसरी बाजू. ज्यांना डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचताना-लिहिताना शब्दांची अक्षरं जुळवणं ज्यांना अवघड जातं, त्यांना या टूलने जो मोकळेपणा दिलाय तो मी डोळ्यांनी बघितलाय. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही त्यांना आर्टिकल आणि प्रिपोझिशनची भीती आयुष्यभर असते, ती थोडी कमी होते. रात्री उशिरा, कोणाला विचारायची सोय नसताना, काहीतरी विचारता येतं. हे सगळं मला हवंय. पण याच मुलांवर आता नवीनच आफत आलीय. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध 'हे एआयने लिहिलंय का' ओळखणाऱ्या सात प्रोग्रॅम्सना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंधांवर मशीनचा शिक्का बसला. माणसांनी लिहिलेले निबंध! कारण हे प्रोग्रॅम्स पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते बघतात, आणि ज्याच्याकडे शब्द मोजके तो अपेक्षित शब्दच वापरणार. एक मशीन सांगतं की नेहमीचा, सगळे वापरतात तो शब्द घे, म्हणजे बरोबर, आणि दुसरं मशीन म्हणतं की फारच नेहमीचे शब्द वापरलेस, चोरी केलीस. मुलाने जायचं कुठे?

मी काही मोठा उपाय शोधलेला नाही. पहिला ड्राफ्ट टूल बंद ठेवून लिहायला सांगते, मोठ्याने वाचायला सांगते, बाकी सगळे सांगतात तेच. फक्त एक जास्तीचं काम देते. रिपोर्टाबरोबर नकारांची यादी द्यायची. टूलने सुचवलेलं जे जे तुम्ही घेतलं नाही ते लिहायचं आणि पुढे कारण. पहिल्यांदा बहुतेकांची यादी कोरीच येते. 'सगळं घेतलं मॅडम.' मग मी त्यांच्यासमोर बसून एक तरी नकार शोधायला लावते आणि तिथे खरा तास सुरू होतो, कारण नकाराला कारण द्यायचं तर आपलं वाक्य असं का आहे हे आधी स्वतःला विचारावं लागतं. घेतलेल्या दुरुस्तीला कारण लागत नाही ना!

एका मुलाने मध्यंतरी चांगली तीन नोंदींची यादी आणली. पहिली, 'सिग्निफिकंट' बदललं नाही, कारण स्टॅटिस्टिक्सचा शब्द आहे. बरोबर. दुसरी, कर्मणी प्रयोग तसाच ठेवला, कारण नमुना मी घेतला की माझ्या पार्टनरने याने फरक पडत नाही. बरोबर, आणि पार्टनरला बरं वाटेल अशी. तिसरी, वाक्याच्या मधे कॉमा टाकला नाही, कारण 'मला तिथे थांबायचं नाही'. वाक्य होतं, 'व्हाइल द वॉटर वॉज हीटिंग द ट्यूब क्रॅक्ड'. मी त्याला म्हटलं, मोठ्याने वाच. त्याने सुसाट वाचलं. म्हटलं, अरे, वाचणाऱ्याला आधी असं वाटतं की पाणी ट्यूबला गरम करतंय, मग 'क्रॅक्ड' आलं की तो धडपडतो आणि परत मागे जातो. इथे टूलचंच बरोबर आहे, आणि त्या लन्सफर्डच्या २००६ च्या यादीत दुसरा नंबर याच सुटलेल्या कॉमाचा आहे. तो ऐकायला तयार नाही. म्हणे, लिहिलंय मी, मला कळतंय ना. मी म्हटलं, तुला कळतंय कारण ट्यूब तुझ्यासमोर फुटली. बरीच हुज्जत झाली. शेवटी त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, कॉमा टाकलाच नाही, वाक्यच फिरवलं, ट्यूब आधी आणि पाणी नंतर, 'द ट्यूब क्रॅक्ड व्हाइल द वॉटर वॉज हीटिंग'. रेघ गेली. मग यादीतलं तिसरं कारण खोडलं आणि मला विचारलं की आता हे टूलचं ऐकलं असं धरायचं की नाही ऐकलं असं.